समुद्री टाकीतले हर्मिट क्रॅब: किती, कुठले आणि मुळात कशाला?

खारट_टाकी (ठाणे)

इथल्या मत्स्यालयाच्या धाग्यांवर एक प्रश्न फिरून फिरून येतो. "रीफ टाकी (प्रवाळांची समुद्री टाकी) लावली, दगडांवर शेवाळ चढलं, दुकानदार म्हणतो वीसेक हर्मिट क्रॅब (शंखात राहणारे खेकडे) सोडा. सोडू का?" कुणीतरी उत्तर देतं, ते मागच्या पानांत बुडतं आणि थोड्या दिवसांनी तोच प्रश्न नव्याने येतो. म्हणून हा स्वतंत्र धागा.

माझं मत आधीच सांगतो, म्हणजे ज्यांना भांडायचंय त्यांना शेवटपर्यंत वाचायची तसदी नको. शेवाळ घालवायला म्हणून हर्मिट क्रॅब घेऊ नका. शेवाळ वाढतं नायट्रेट-फॉस्फेटवर, आणि ते येतात जादा खाण्यातून आणि नळाच्या पाण्यातून. वरून दिवे दहा-बारा तास चालू. खेकडा शेवाळ खातो, पचवतो आणि घाण त्याच पाण्यात टाकतो. टाकीबाहेर काहीच जात नाही. नव्या टाकीत सुरुवातीला येणारा तपकिरी थर डायटमचा, म्हणजे सूक्ष्म एकपेशीय शेवाळाचा असतो. पाण्यातलं सिलिकेट संपलं की तो बहुतेक वेळा आपोआप ओसरतो आणि श्रेय खेकड्यांना मिळतं.

मग ठेवायचेच कशाला? दगडांच्या ज्या फटींत आपला ब्रश किंवा सायफनची नळी पोचत नाही, तिथे ते पोचतात. माशांचं राहिलेलं खाणं कुजायच्या आत उचलतात. आणि खरं सांगायचं तर तासन्‌तास बघत बसावं असा प्राणी आहे. मला एवढं पुरतं.

आता संख्या. "गॅलनमागे एक" असं सूत्र इंटरनेटवर फिरतं. गॅलन म्हणजे पावणेचार लिटर, म्हणजे २०० लिटरच्या टाकीत पन्नासच्या वर खेकडे! ते खाणार काय? आधी शेवाळ, मग गोगलगायी, मग एकमेकांना. २०० लिटरला पाच-सहा लहान खेकडे मी पुरे समजतो. शेवाळ संपलं की त्यांना मुद्दाम खायला घालावं लागतं. बिनमिठाच्या नोरीचा (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा) तुकडा दगडाखाली अडकवा, नाहीतर बुडणाऱ्या पेलेटचे दोन दाणे टाका. उपाशी खेकडा जास्त साफसफाई करतो हा समज डोक्यातून काढून टाका.

जातींबद्दल. परदेशी दुकानांत दोन कॅरिबियन जाती हमखास दिसतात. निळ्या पायांचा क्लिबानारियस ट्रायकलर जेमतेम इंचाचा, चपळ आणि भांडखोर. लाल पायांचा पॅग्युरिस्टिस कॅडेनाटी, ज्याला स्कार्लेट म्हणतात, बराच शांत. हिंदी-प्रशांत महासागरातल्यांपैकी पायांवर निळे पट्टे असलेला कॅल्सिनस एलेगन्स आणि डावी नांगी भलतीच मोठी असलेला कॅल्सिनस लेव्हिमॅनस टाकीत चांगले टिकतात. केशरी-लाल पट्ट्यांचा सिलिओपॅग्युरस स्ट्रायगेटस मिळाला तर तो कुठल्या शंखात बसलाय ते बघा. त्याचं अंग दाबल्यासारखं चपटं असतं, कारण तो कोन शंखात राहतो आणि त्या शंखाचं तोंड म्हणजे नुसती अरुंद चीर. त्याला गोल तोंडाचे शंख देऊन उपयोग नाही. डार्डानस वंशातले मात्र सरळ टाळा. लाल, केसाळ, अंगभर पांढरे ठिपके असलेला डार्डानस मेजिस्टॉस दुकानात बोटाएवढा गोंडस दिसतो. पुढे तो जवळपास वीतभर होतो आणि गोगलगायी, झोपलेले मासे, जे सापडेल ते खातो.

शंख हा माझ्या मते सगळ्यात मोठा मुद्दा, आणि दुकानात त्यावर कुणी चकार शब्द काढत नाही. या खेकड्याच्या पोटावर कवच नसतं. मऊ, एका बाजूला वळलेलं पोट तो शंखात घालतो आणि टोकाच्या आकड्यासारख्या अवयवाने शंखाच्या मधल्या खांबाला आतून धरून बसतो. शंख तो स्वतः बनवू शकत नाही, अंग वाढलं की मोठा शोधावा लागतो. टाकीत रिकामा शंख नसेल तर तो राहता शंख मिळवतो. आतला राहणारा दुसरा खेकडा असेल किंवा तुमची महागाची टर्बो गोगलगाय. दर खेकड्यामागे तीन-चार रिकामे शंख ठेवा, काही आत्ताच्याच मापाचे, काही थोडे मोठे. बहुतेकांना टर्बोसारखं गोल तोंड आवडतं. रंगवलेले, वॉर्निश मारलेले नकोत. साबण न लावता दहा मिनिटं उकळा, गार झाले की टाका.

पाण्याचं फार लिहीत नाही. क्षारता ३५ पीपीटी (हजारी भाग), म्हणजे घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरवर १.०२६ च्या आसपास, तापमान २५-२६, डीकेएच (अल्कलिनिटीचं माप) ८-९, कॅल्शियम ४०० ते ४५०, मॅग्नेशियम १३०० च्या जवळपास. प्रवाळांसाठी हे राखताच, खेकड्यांना वेगळं काही लागत नाही. फक्त तांबं नको. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर तांब्याचं औषध ज्या टाकीत कधीकाळी घातलंय, तिथे खेकडा सोडू नका. दगड आणि वाळू तांबं धरून ठेवतात आणि सावकाश सोडत राहतात.

पुणेरी_प्रवाळ

धागा माहितीपूर्ण. निष्कर्ष अमान्य. "बघायला मजा येते" हेच कारण असेल तर क्लाउनफिश आहेत की. साफसफाई ट्रोकस गोगलगाय जास्त चांगली करते. काच चाटून लख्ख करते, उलटी पडली तर आपली आपण सरळ होते आणि शेजाऱ्याचा खून करत नाही. तुमचे खेकडे झोआंथिडवरून (फुलांसारखे दिसणारे प्रवाळांचे नातलग) फिरायला निघाले की सगळी फुलं मिटतात, आणि नुकती चिकटवलेली फ्रॅग (प्रवाळाचा तोडून लावलेला तुकडा) सकाळी वाळूत तोंडावर पडलेली असते. माझ्या टाकीत एकही हर्मिट नाही. काही अडलेलं नाही.

खारट_टाकी (ठाणे)

फ्रॅगचं खरं आहे. नुसत्या सुपरग्लू जेलवर विसंबू नये, खाली एपॉक्सी पुटी लावली की खेकड्याला ढकलता येत नाही. झोआंथिड मिटतात आणि दहा मिनिटांत उघडतात, त्यात नुकसान काही नाही.

खुनाच्या आरोपात मात्र थोडं थांबा. अ‍ॅस्ट्रिया गोगलगाय उलटी पडली की तिला सरळ होता येत नाही, रात्रभर तशीच पडून मरते. सकाळी आपण दिवा लावतो तेव्हा खेकडा त्या शंखात तोंड घालून बसलेला असतो. खाणारा दिसतो, पडणं कुणी पाहिलेलं नसतं. निळ्या पायांचे जिवंत गोगलगायीही मारतात, ते कबूल. म्हणून तर मी लाल पायांचे ठेवतो.

निवांत_नागपूरकर

बाप्पा, माझा तर खेकडा मेला वाटते! सकाळी पाहतो तर दगडाखाली पाय, नांग्या, डोळ्यांसकट अख्खा बाहेर पडलेला. बाजूला त्याचा शंख, त्यात काही हालचाल नाही. काढून फेकू का? पाणी खराब होईन म्हणून भीती वाटून राहिली.

प्राणिशास्त्राची_मास्तरीण

अहो थांबा, शंख फेकू नका!

बाहेर पडलेला "खेकडा" चिमट्याने उचलून बघा. हलका, पोकळ, थोडा पारदर्शक आणि पाठीमागे उकललेला असेल तर ती कात आहे. खेकडा कात टाकतो तेव्हा पायांवरचं, नांग्यांवरचं, डोळ्यांच्या देठांवरचं, कल्ल्यांवरचंसुद्धा आवरण एकसंध निघतं, म्हणून ते हुबेहूब प्रेतासारखं दिसतं. मेलेला असेल तर हाताला जड, लिबलिबीत लागेल आणि असा वास येईल की विचारायची गरज पडणार नाही.

कात असेल तर ती टाकीतच राहू द्या. बऱ्याचदा तो स्वतःच ती कुरतडून खातो, त्यातलं कॅल्शियम परत मिळतं. शंख हलवू नका, आतून ओढून तर मुळीच बघू नका. नवीन कवच कडक होईपर्यंत तो आतच बसणार, कारण या काळात त्याला कुणीही खाऊ शकतं. टाकीत हॉकफिश, ट्रिगर किंवा पफर असेल तर जास्तच. तुटलेला पाय असेल तर काही कातींनंतर पुन्हा येतो.

आयोडीनच्या बाटल्यांच्या मागे लागू नका. नियमित पाणी बदलत असाल तर मिठाच्या मिश्रणातून पुरेसं मिळतं.

निवांत_नागपूरकर

ताई, पोकळच निघाला. आणि आत्ता संध्याकाळी शंखातून मिशा बाहेर आल्या. जीव भांड्यात पडला.

आता दुसरं. इथे मे महिन्यात ४५ च्या वर जाते. चिलर परवडत नाही. टाकीवर पंखे लावले तर चालते काय?

खारट_टाकी (ठाणे)

नागपुरात पंखा मुंबईपेक्षा जास्त काम करेल. पंखा गार करतो तो बाष्पीभवनाने, आणि तुमची हवा कोरडी आहे. इकडे जूनमध्ये हवाच इतकी दमट की पंखा नुसता फिरतो. कोरड्या हवेत दोन-तीन अंश सहज उतरतात. पण तेवढंच पाणी उडतं आणि मीठ मागे राहतं, क्षारता दिवसात चढते. रोज फक्त आरओचं गोडं पाणी घालून पातळी सारखी करा, खारं पाणी नको. फ्लोटचा ऑटो टॉप-अप लावता आला तर फारच छान. टाकी असलेली खोलीच कूलर किंवा एसीने गार ठेवता आली तर आणखी बरं, कारण बाहेर ४५ असताना एकट्या पंख्याने २६ गाठणं अवघड आहे. वीज जाते त्या वेळेसाठी बॅटरीवरचा एअर पंप ठेवा. गरम पाण्यात ऑक्सिजन आधीच कमी असतो.

पिल्लूची_आई

धाग्याशी संबंधित आहे की नाही माहीत नाही, पण विचारते. मुलीला वाढदिवसाला शंखातला खेकडा भेट मिळालाय. शंखावर कार्टून रंगवलंय. प्लास्टिकच्या छोट्या डब्यात कोरडे दगड आणि स्पंजाचा तुकडा. दिराकडे रीफ टाकी आहे, तिथे सोडला तर सुखी होईल का?

प्राणिशास्त्राची_मास्तरीण

नाही हो, बुडून मरेल! तो सीनोबिटा वंशातला, जमिनीवर राहणारा हर्मिट क्रॅब आहे. त्याचे कल्ले दमट हवेतून श्वास घ्यायला बनलेत, सतत पाण्याखाली ठेवलं तर गुदमरतो. उलट त्या कोरड्या डब्यातही कल्ले सुकून तो हळूहळू मरतोय.

झाकण असलेली काचेची टाकी घ्या. त्यात त्याच्या उंचीच्या तिप्पट खोल ओलसर वाळू घाला, किल्ला बांधता येईल इतपत ओली. आर्द्रता ७५-८० टक्के ठेवा. दोन वाट्या लागतात: एकीत क्लोरीन घालवलेलं गोडं पाणी, दुसरीत समुद्री मिठाचं पाणी. स्वयंपाकाचं मीठ नको. न रंगवलेले दोन-तीन शंख ठेवा, रंगवलेला तो स्वतः सोडेल. जबरदस्तीने काढू नका, मरेल पण सोडणार नाही. आणि तो वाळूत गडप झाला, आठवडेच्या आठवडे दिसला नाही तर उकरू नका. जमिनीवरचे हर्मिट कात टाकायला वाळूत पुरून घेतात.

वीकेंड_अलिबाग

हे सगळं विकत कशाला घ्यायचं? ओहोटीला किनाऱ्यावर ढिगाने दिसतात. मालवणला जाणार आहोत, पाच-सहा खेकडे आणि जिवंत खडकाचे (ज्यावर समुद्री जीव वसलेत अशा प्रवाळ-खडकाचे) दोन तुकडे आणले तर?

खडप (देवगड)

ह्येंका घरात पाळूक कोण सांगता तुमका?

आता प्रमाण भाषेत. आमच्या खाडीच्या तोंडाशी आणि खाजणात जे दिसतात ते बरेचसे क्लिबानारियसच्या दणकट जाती. ओहोटीला तासन्‌तास उघड्यावर राहतात, पावसाळ्यात पाणी निम्मं गोडं झालं तरी तग धरतात. चिखल, कुजका पाला खाऊन जगणारा प्राणी तुमच्या २६ अंशांच्या स्वच्छ टाकीत गेला की पहिल्या रात्री सगळ्या फ्रॅग उलट्या करणार. पुळणीवर वाळूत घुसणारे डायोजेनिस वेगळेच, त्यांना खोल बारीक वाळू लागते.

दुसरं, रिकामे शंखही पिशव्या भरभरून नेऊ नका. पर्यटक ओहोटीला जो सुबक, न फुटलेला शंख उचलतो, नेमका तसलाच शंख खेकड्याला हवा असतो. आमच्या खडपावर फुटक्या, भोकं पडलेल्या शंखात बसलेले खेकडे बघितलेत. घ्यायचाच असेल तर आत बघून घ्या, खूपदा मालक घरीच असतो.

प्राणिशास्त्राची_मास्तरीण

"जिवंत खडका"बद्दल जरा स्पष्ट लिहिते, कारण हा गमतीचा विषय नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सगळे दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि समुद्रपंखे पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. मेलेला सांगाडा उचलणंसुद्धा त्यात येतं. मालवणला तर १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. मुंबईत कोस्टल रोडसाठी वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरच्या प्रवाळांच्या वसाहती २०२० मध्ये हलवाव्या लागल्या, त्यासाठीही वनखात्याची परवानगी लागली होती.

टाकीसाठी कृत्रिम किंवा कोरडा खडक घ्या आणि बाटलीतले जिवाणू घालून ते त्यावर वसू द्या, वेळ लागतो पण होतं. काही शंखही अनुसूचीत आहेत. कॅसिस कॉर्न्यूटा, ट्रायटन, नॉटिलस कुणी शोभेला म्हणून विकत असेल तर हात लावू नका.

मुंबईकरांना खेकडे नुसते बघायचे असतील तर मरीन लाइफ ऑफ मुंबईच्या किनारा-फेऱ्या आहेत, २०१७ पासून चालू. ओहोटीची वेळ बघून चप्पल न घसरणारी घाला.

भोचक_भाऊ

सगळं वाचलं. आता एक भोचक प्रश्न. समुद्रातून पकडून आणलेला प्राणी काचेत कोंडायचा, वर त्याच्यासाठी शंखांची म्हाडा लॉटरी काढायची, आणि याला छंद म्हणायचं? निदान टाकीत पैदास केलेले तरी घ्या.

खारट_टाकी (ठाणे)

प्रश्न रास्त आहे. पैदास केलेले मिळतच नाहीत म्हणा ना. मादी शंखात पोटाखाली अंडी बाळगते, पिल्लं बाहेर पडतात ती अळ्यांच्या रूपात. त्या अळ्या पाण्यात तरंगत बऱ्याच अवस्थांतून जातात आणि मग कुठे तळाला येऊन शंख शोधतात. घरच्या टाकीत स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र), पंप आणि प्रवाळांची तोंडं त्या काही तासांत संपवतात. म्हणजे विकला जाणारा जवळपास प्रत्येक हर्मिट समुद्रातून उचललेला असतो. म्हणून तर वीस नकोत, पाच घ्या म्हणतोय. आणि ते पाच वर्षानुवर्षं जगतील असं बघा. "मेले की नवे आणू" हा हिशोब असलेल्याने घेऊच नयेत.

पुणेरी_प्रवाळ

पाच नकोत, शून्य घ्या. तुमच्याच मुद्द्याचं उत्तर आहे हे.

खारट_टाकी (ठाणे)

तुमच्या ट्रोकस कुठून येतात?

पुणेरी_प्रवाळ

ट्रोकसची पैदास होते! प्रशांत बेटांवर हॅचरी आहेत. माझ्या कुठून आल्या हे दुकानदारालाच विचारावं लागेल, ते सोडा.

अटलांटिकपार (न्यू जर्सी)

भोचकभाऊंची लॉटरी खरोखर अभ्यासली गेलीय, फक्त तिथे एकाला घर लागलं की रांगेतल्या सगळ्यांनाच लागतं. आमच्या शेजारी लाँग आयलंडला आयव्हन चेस नावाच्या समाजशास्त्रज्ञाने ओहोटीच्या डबक्यांत रिकामे शंख ठेवून बघितलं, १९८८ मध्ये त्यावर निबंध आला. मोठा शंख पहिल्या खेकड्याने घेतला, त्याने सोडलेला दुसऱ्याने, त्याचा तिसऱ्याने. एका शंखाने ओळीने अनेकांची सोय होते. टाकीत एकच मोठा शंख टाकूनही हे दिसतं, रात्री लाल दिव्यात बघा.

तो खेकडा पॅग्युरस लाँगिकार्पस, इथल्या किनाऱ्यावर पोरं बादलीत भरतात. थंड पाण्याला सरावलेला असतो, रीफ टाकीत आणू नये. त्याची उजवी नांगी मोठी. आपल्या टाक्यांत येतात ते बहुतेक दुसऱ्या कुळातले, त्यांची डावी मोठी किंवा दोन्ही सारख्या.

निवांत_नागपूरकर

रात्री टाकीतून टकटक आवाज येते तो हाच प्रकार काय? बायको म्हणते पंप बिघडला.

प्राणिशास्त्राची_मास्तरीण

पंपही असेल, पण खेकडेही असू शकतात. हल्लेखोर आपला शंख समोरच्याच्या शंखावर वेगाने, झटक्यांच्या मालिकेत आपटतो. समोरचा दमला की शंख सोडून बाहेर येतो, मग अदलाबदल. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात रॉबर्ट एलवूड यांनी पॅग्युरस बर्नहार्डसवर यावर खूप काम केलंय. त्यांचाच २००९ चा प्रयोग भोचकभाऊंनी वाचावा. शंखात असताना सौम्य विजेचा झटका दिला तर आवडता शंख असलेले खेकडे तो सहजासहजी सोडत नाहीत, नावडता शंख असलेले लवकर सोडतात. नुसती आपोआप होणारी हालचाल असती तर शंखाच्या आवडीने फरक पडायला नको होता. ब्रिटनच्या २०२२ च्या प्राणी-संवेदना कायद्यात खेकडे आणि कोळंबी आली, त्यामागे असेच अभ्यास होते. आपल्या १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात तर माणूस सोडून कुठलाही सजीव "प्राणी" आहे, खेकडा त्यात आलाच.

भोचक_भाऊ

वाचतो. मास्तरीणबाई गृहपाठ देतात म्हणून यांच्या धाग्यावर भीत भीत येतो.

पिल्लूची_आई

मास्तरीणताई, टाकी, वाळू, वाट्या, सगळं केलं. तो वाळूत गेला आणि मुलगी रोज विचारते कधी येणार. रंगवलेला शंख घेऊनच गेलाय.

प्राणिशास्त्राची_मास्तरीण

येईल तेव्हा येईल. पाण्याच्या वाट्या भरत राहा, वाळूचा वरचा थर सुकू देऊ नका. टाकी हलवू नका.

निवांत_नागपूरकर

शेवटचा प्रश्न. लाल पायांचे तीन आणतो म्हणतो. दुकानात मोजलं तर पाणी १.०१९ निघालं. माझ्याकडे १.०२६. पिशवी अर्धा तास तरंगवून सोडले तर चालते काय?

खारट_टाकी (ठाणे)

चालत नाही. पिशवी तरंगवून फक्त तापमान जुळतं. काही दुकानं मीठ वाचवायला आणि परजीवी कमी राहावेत म्हणून क्षारता कमी ठेवतात. मासे ते सोसतात, खेकड्यांना अचानक चढलेली क्षारता सोसत नाही. बादलीत पिशवीतल्या पाण्यासकट खेकडे ठेवा, हवेच्या नळीला गाठ मारून टाकीतलं पाणी थेंबाथेंबाने सोडा, सेकंदाला दोन-तीन थेंब. एवढा फरक असेल तर दोन तास तरी द्या, आणि मध्ये मध्ये मोजा. बादलीतलं पाणी १.०२५ झालं की खेकडे हाताने उचलून टाकीत ठेवा, शंखाचं तोंड खाली करून. बादलीतलं पाणी मोरीत ओता, टाकीत नको. त्या दुकानात माशांना तांब्याचं औषध घालतात का, तेही विचारून घ्या.